दुपारचा एकच ठिपका

१

सविता ढोमसे रोज सकाळी उगावच्या आपल्या घरातून निघायची आणि नकाशावरून नाहीशी व्हायची. दुपारी शिवडीच्या शिवारात, झुंबरनानांच्या द्राक्षबागेच्या कडेला ती थोडा वेळ उगवायची, पुन्हा गडप व्हायची आणि संध्याकाळी एकदम घरीच दिसायची. मधल्या वेळात बाई कुठे असते, हे नकाशाला ठाऊक नव्हतं. डिसेंबर अर्धा सरत आला तरी हा प्रकार थांबला नव्हता.

नकाशा होता बोरस्ते साहेबांच्या कॉम्प्युटरवर, नाशिकला आडगाव नाक्याजवळच्या ऑफिसात. कंपनी निफाड-दिंडोरीकडची द्राक्षं परदेशी पाठवायची. परदेशी गिऱ्हाईक भलतं संशयी. बागेत काय फवारलं, कधी फवारलं, ते कुणी बघितलं, सगळ्याचा पुरावा त्याला लागतो. म्हणून बागा तपासणाऱ्या प्रत्येकाला कंपनीने एकेक फोन दिला होता. त्यातलं ॲप दिवसभर चालू राहायचं आणि माणूस जाईल तिथे नकाशावर निळी रेघ ओढायचं. बागेत फोटो काढला की जागेचा ठावठिकाणा फोटोवर आपोआप छापला जायचा.

"ही रवीची रेघ बघा," बोरस्ते म्हणाले. रवी गायखेची रेघ पिंपळगाव, खेडगाव, वडनेर अशी सगळीकडे फिरून आली होती. "आणि ह्या आपल्या सविताबाई. एक ठिपका! बाकी सगळ्या फोटोंवर 'ठिकाण सापडले नाही'. घड काय हो, एका बागेतले चार फोटो काढा आणि दहा बागांच्या नावावर खपवा. कोण ओळखणार?"

समोर ललिताताई गांगुर्डे बसल्या होत्या. कंपनीतली तपासणीची सगळी कागदपत्रं त्यांच्या हाताखालून जायची आणि कुठे काही संशयास्पद वाटलं की चौकशीही त्यांच्याच गळ्यात पडायची. निवृत्तीला आलेल्या, बोलायला मवाळ, पण समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे अशा टक लावून बघायच्या की चांगल्या चांगल्यांना घाम फुटायचा. फोनबिनमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं आणि तसं सांगायला त्यांना लाजही वाटत नव्हती.

"शेतकऱ्यांना विचारलंत?" त्यांनी विचारलं.

"ते म्हणतात, येते रोज. म्हणणारच. ती त्यांच्या गावची सून. तिच्याविरुद्ध कोण बोलेल?" बोरस्तेंनी खुर्ची मागे सरकवली. "सोमवारी मुख्य ऑफिसला कळवायचंय. खोटी तपासणी केली म्हणून काढून टाकतो. आणि तिने पाहिलेल्या बागा यंदा निर्यातीच्या यादीतून बाद."

ललिताताईंना पुढचं दिसत होतं. ते 'खोटी तपासणी' नुसतं नोकरीपुरतं थांबणार नव्हतं. जिल्ह्यात द्राक्षं पाठवणाऱ्या कंपन्या एकमेकींना ओळखून असतात. एकदा हा शिक्का बसला की सविताला निफाडपासून नाशिकपर्यंत कुणी दारात उभं केलं नसतं. बागा तपासायला कंपनीने घेतलेली ती पहिली बाई. तिच्यामागून अर्ज केलेल्या दोघी-तिघींचे कागद अजून बोरस्तेंच्या टेबलावर पडून होते.

"सोमवारपर्यंत वेळ आहे ना? मग मला बघू दे," ललिताताई म्हणाल्या.

२

सविता तिशीची, उन्हाने रापलेली, ताठ मानेची. ऑफिसात आली तेव्हा रडून आलेली दिसत होती, पण आत आल्यावर तिने डोळ्यातून टिपूस काढलं नाही. पर्समधून कापडी पिशवी, पिशवीतून फोन काढून तिने टेबलावर ठेवला.

"मी प्रत्येक बागेत जाते, मॅडम. प्रत्येक. फोनला जागा सापडत नाही त्याला मी काय करू?"

"आधीच्या फोनला सापडायची?"

"सापडायची ना! तो भिजला. डिपिंग चालू होतं."

डिपिंग म्हणजे द्राक्षाचा एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचा. मणी फुगावेत म्हणून. त्या दिवसांत बागेत शिरलं की वरच्या मांडवातून अंगावर ठिबकत राहतं. सविताचा जुना फोन असाच एका दुपारी न्हाऊन निघाला आणि गेला.

"मग नवीन दिला, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर बोलले," सविता म्हणाली. "म्हणाले, बायकांना चूल सांभाळता येते, फोन सांभाळता येत नाही. हा भिजला तर घरी बसायचं. त्या दिवसापासून पोटच्या पोरासारखा जपते हो मी ह्याला. आणि हाच माझा घात करतोय."

बोलताना ती मांडीवरच्या रिकाम्या पिशवीशी चाळा करत होती. लुगड्याचे रंगीत तुकडे जोडून हाताने शिवलेली, झाकणाला गुंडी लावलेली सुबक पिशवी. ती दाबली की चिवड्याच्या पुड्यासारखी चुरचुर वाजे. शेजारच्या केबिनमधून बोरस्ते ओरडले, "कोण काय खातंय तिकडे?" सविताने दचकून पिशवी पर्समध्ये कोंबली.

ललिताताईंना हसू आलं. त्या उठल्या. "चल, अंगणात. तुला जे जे सांगितलं गेलं ते सगळं करून दाखव."

सविताने करून दाखवलं. लोकेशनचं बटण चालू, बॅटरी बचतीचं बंद, ॲपला परवानगी दिलेली, तारीख-वेळ बरोबर. फोन बंद करून पुन्हा चालू केला. मागचं कव्हर काढून पाहिलं. सगळं ह्याआधी कैकदा करून झालं होतं. मग दोघी सीताफळाच्या झाडाजवळ मोकळ्यात उभ्या राहिल्या. थोडा वेळ पडद्यावर चक्र फिरलं आणि नकाशावर निळा ठिपका उमटला, अगदी ऑफिसच्या अंगणात. ललिताताईंनी झाडाचा फोटो काढला. त्यावर ठावठिकाणा व्यवस्थित छापून आला.

सविताचा चेहरा पडला. "ऑफिसात आणला की असंच होतं, मॅडम. इथे आला की गुणाचा. आता साहेब म्हणतील, बघा."

ललिताताईंनी फोन हातात उलटापालटा करून पाहिला. फोनला काही झालेलं नव्हतं, हे त्यांना दिसत होतं. आणि ही मुलगी खोटं बोलत नाही, असंही त्यांना आतून वाटत होतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, ते मात्र त्यांना उमगेना.

"हा आजच्या दिवस माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या.

३

रवी गायखे दुपारी हाती लागला. पोरगा हुशार, तोंडाने तिखट. नवीन फोन आला तेव्हा त्यात ॲप टाकून देणारा तोच. शिवडी-उगावचा पट्टा आपल्याला मिळावा म्हणून त्याने वर्षभरापूर्वी अर्जही केला होता, कारण त्याची सासुरवाडी तिकडची. ललिताताईंनी हे दोन्ही विसरल्यासारखं दाखवलं आणि चहा मागवला.

"मी काही केलं असतं तर इथेही चाललं नसतं ना, मॅडम?" रवीने स्वतःच विषय काढला. "तुम्ही अंगणात फोटो काढलात, मी पाहिला खिडकीतून."

"मग तुला काय वाटतं?"

"आधी वाटलं, बागेतले लोखंडी अँगल आणि तारा. जाळंच असतं वर. पण माझ्याही बागांत तेच जाळं आहे. माझा फोन तर खिशात असतो, तरी रेघ येते. कुणी म्हणालं, वरून विमानं जातात त्यानं होतं. विमानं काय फक्त सविताच्या डोक्यावरून जातात?" त्याने चहाचा घोट घेतला आणि आवाज खाली आणला. "वाईट वाटतं बोलायला, पण ती बंद करून ठेवते फोन. दिवसभर लावून बघा, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. तिचा नवराही मला विचारतो, आमची मंडळी कुठेय म्हणून. फक्त दुपारी लागतो."

"दुपारी काय असतं?"

"झुंबरनानांच्या बागेत पेठकडची एक मजूर बाई आहे, भागीबाई. तिच्याशी गप्पा. एवढ्याच कामाला रोज न चुकता जाते वाटतं."

रवी खोटं बोलत नव्हता. आपल्याला जे दिसलं त्याचा त्याने आपल्या सोयीचा अर्थ लावला होता, एवढंच. त्याचा राग यावा असं काही त्यात नव्हतं, पण ललिताताईंना थोडा आला.

संध्याकाळी घरी जाता जाता त्या महात्मा गांधी रोडवर उतरल्या. तिथे गल्लीबोळांत फोन दुरुस्तीची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. दत्तूचं दुकान त्यांच्या माहितीतलं. त्याने फोन काउंटरवर ठेवला, त्याची बारकाईने तपासणी केली, आत कुणी काही छेडलंय का तेही पाहिलं आणि परत दिला.

"काही झालं नाहीये ह्याला, ताई."

"मग बागेत का अडतो?"

"आता ते मी इथे बसून कसं सांगू? तापाचं पोर दवाखान्यात नेलं की खेळायला लागतं, तसं असतं ह्यांचं. आमच्या काउंटरवर सगळे फोन शहाणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरस्ते त्यांची वाटच बघत होते. कॉम्प्युटरचा पडदा त्यांनी ललिताताईंकडे वळवला. नकाशावर सविताच्या नावाने एक सरळ, सलग, कुठेही न तुटलेली निळी रेघ होती. आडगाव नाका, द्वारका, महात्मा गांधी रोड, दत्तूचं दुकान, तिथून नाशिकरोडला ललिताताईंच्या कॉलनीतल्या दारापर्यंत.

"तुमच्या पर्समध्ये होता ना फोन?" बोरस्ते म्हणाले. "पर्समधूनसुद्धा रेघ आली. तुमच्याकडे चालतो, दत्तूकडे चालतो. फक्त तिच्याकडे चालत नाही. मॅडम, तुम्हीच सिद्ध केलंत की. फोन खरा, बाई खोटी."

४

ललिताताईंना ती सकाळ जड गेली. आपण मदतीला गेलो आणि उलट त्या मुलीचे दोर कापून आलो, ह्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. पण चष्मा पुसता पुसता एक गोष्ट त्यांच्या मनात अडकून राहिली. ज्याला लबाडी करायची आहे, तो रोज एकाच बागेत, एकाच वेळी फोन का चालू करेल? लबाड माणूस दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे दिसेल. इतक्या नेमाने स्वतःला पकडून कोण देतं?

दुसरीही गोष्ट होती. अंगणात, दत्तूकडे, कालच्या प्रवासात, सगळीकडे फोनच तपासला गेला होता. सविताला बागेत काम करताना कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

तासाभरात त्या उगावला पोचल्या, सविताला तिचा फोन परत दिला आणि तिच्या स्कुटीवर मागे बसल्या.

"मला काही समजावून सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मी नाहीच असं समज. रोज जे करतेस, जसं करतेस, तस्संच कर."

निफाडची थंडी अशी की ऊन वर आलं तरी बोटं वळत नव्हती. पहिली बाग गावाबाहेरच होती. सविताने स्कुटी लावली, पँटचे पाय दुमडले, पर्स काखेत मारली आणि मांडवाखाली शिरली. बायका वाकून घड बुडवत होत्या. वरून टपटप थेंब पडत होते. सविताने एक वेल पाहिला, दुसरा पाहिला, पानं उलटी करून बघितली, एका घडातले मणी बोटांनी चाचपले. मग रुमालाने हात कोरडे केले, पिशवीची गुंडी काढली, फोन बाहेर काढला, घडाचा फोटो घेतला आणि एक थेंब पडायच्या आत फोन पुन्हा पिशवीत. गुंडी लावली. पिशवी पर्समध्ये. इतक्या चपळाईने की ललिताताईंना नीट बघायलाही मिळालं नाही.

"फोटोवर जागा आली?" त्यांना राहवेना.

सविताने बांधावर येऊन फोन काढला. 'ठिकाण सापडले नाही'. तिने तो घाईघाईने परत आत ठेवला. पुढच्या बागेत तेच. त्याच्या पुढच्या बागेत तेच. ललिताताईंची साडी ठिकठिकाणी ओली झाली होती आणि गुडघे बोलायला लागले होते, पण त्या सविताच्या मागे मागे चालत राहिल्या. मुलगी खरंच प्रत्येक बागेत येत होती आणि मन लावून बघत होती, हे तरी आता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघी झुंबरनानांच्या बागेत पोचल्या. म्हातारे नाना पंप धुवत होते. "आज मोठ्या मॅडम! आमचे घड गोड आहेत का बघायला आला, का सवितावर पहारा?"

"दोन्ही," ललिताताई म्हणाल्या.

बांधाच्या कडेला जेवायला बसलेल्या बायकांतून एक उठून आली. साठीची, बारकी, गुडघ्यापर्यंत रंगीत ठिगळांचं लुगडं नेसलेली. हीच भागीबाई. दर वर्षी हंगामाला पेठकडून इकडे येणारी. सविताने पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.

"आईक ना," भागीबाई फोनमध्ये मोठ्याने म्हणाली, "जेवलास का? खोटं नको सांगू. शेळी येली का? करडं किती?"

सविता हळूच म्हणाली, "घरधनी आहेत त्यांचे, पुंजाराम. घरात फोन एकच, तो त्यांच्याकडे. गावात रेंज नाही. म्हातारा रोज दुपारी टेकडी चढून वर उभा राहतो, ह्या एका फोनसाठी. मी आले नाही तर तो तसाच उभा राहील ना, मॅडम. म्हणून कालचा दिवस सोडला तर इथली वेळ मी चुकवत नाही; काल फोन तुमच्याकडे होता."

भागीबाईचं बोलणं सावकाश चाललं होतं. शेळी, नाचणी, शेजारणीची सून, पुन्हा शेळी. बोलता बोलता ती बांधावरून फेऱ्या मारत होती, फोन कानाला, वर मोकळं आभाळ. फोन संपवून तिने तो पदराला पुसला आणि सविताला दिला. सविताने नानांच्या बागेत जाऊन घडाचा फोटो काढला आणि ललिताताईंपुढे धरला. फोटोच्या खाली ठावठिकाणा होता. शिवडी, तालुका निफाड, अक्षांश, रेखांश, सगळं.

"हे असं," सविता रडवेल्या आवाजात म्हणाली. "इथेच येतं. का येतं मला माहीत नाही."

तिने फोन पिशवीत घातला. चुरचुर आवाज झाला. ललिताताईंनी हात पुढे केला. "ती पिशवी बघू."

त्यांनी पिशवी उघडून आत बोट घातलं, अस्तर चाचपलं आणि बांधावर बसून आधी दत्तूला फोन लावून विचारून घेतलं. मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून बोरस्तेंना फोन लावला.

"साहेब, तुम्ही शिवडीला या. रवीलाही आणा. आणि हो, तुमचा फोन पूर्ण चार्ज करून आणा."

५

बोरस्ते आले ते वैतागून. रवी मागे मागे. झुंबरनानांनी बांधावर घोंगडी अंथरली. बायका कामावर परतल्या होत्या, फक्त भागीबाई बाजूच्या ओळीत घड बुडवत होती.

"मॅडम, एवढ्या लांब बोलावलंत..."

"जरा तुमचा फोन द्या," ललिताताई म्हणाल्या. त्यांनी बोरस्तेंचा महागडा फोन सविताच्या पिशवीत घातला, गुंडी लावली आणि पिशवी आपल्या पर्समध्ये टाकून पर्स मांडीवर घेतली. "बसा दोन मिनिटं. रवी, आता साहेबांना फोन लाव."

रवीने लावला. स्पीकरवर त्या ओळखीच्या बाईचा गोड आवाज आला, 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.'

"साहेब कुठे आहेत, रवी?"

रवी बोरस्तेंकडे बघत राहिला. बोरस्ते त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"पुन्हा लाव."

पुन्हा तेच. ललिताताईंनी पिशवी काढली, उलटी करून तिचं अस्तर वर आणलं. बाहेरून लुगड्याचे तुकडे आणि आतून लखलखीत चंदेरी. पाण्यात विरघळणाऱ्या खताचं रिकामं पाकीट असतं ना, जाड, धातूचा पातळ पत्रा चिकटवलेलं, तेच धुऊन, मापात कापून, कापडाच्या आत बेमालूम शिवलेलं होतं.

"पाणी आत जाऊ नये म्हणून," त्या म्हणाल्या. "पाणी जात नाहीच. पण आभाळातून येणारंही काही आत जात नाही. फोनला आपली जागा कळते ती वरच्या उपग्रहांवरून, एवढं आता मलाही कळलंय. हा बिचारा सकाळी घरातून निघताना ह्या डब्यात जायचा. बागेत सविता त्याला काढायची ती एका फोटोपुरती, वरून थेंब पडतो म्हणून. अंधारातून एकदम उजेडात आलेल्या माणसाला जसं क्षणभर काही दिसत नाही, तसं त्याचं व्हायचं. त्याला आभाळ शोधायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात तो परत डब्यात. काल माझ्या पर्समध्ये ही पिशवी नव्हती. म्हणून माझी रेघ सरळ आली."

"आणि इथे?" रवीने विचारलं. त्याचा आवाज मऊ झाला होता.

"इथे तो रोज दुपारी बराच वेळ उघड्या आभाळाखाली असतो. भागीबाईंच्या कानाला. त्यांचं बोलणं संपेस्तोवर त्याला जागा सापडलेली असते. तुम्ही ज्याला पुरावा समजलात, साहेब, तो एका म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या बोलण्याचा ठिपका होता."

बोरस्तेंनी आपला फोन उचलून खिशात टाकला. ललिताताईंनी मात्र हिशेब पुरता केला. "फोन एवढा झाकून ठेवायची वेळ तिच्यावर का आली, तेही मी लिहिणार आहे. चुलीचं वाक्य लिहू का नको, ते तुम्हीच सांगा."

बोरस्तेंनी मान खाली घातली. मग ते सविताकडे वळले. "चुकलं माझं. सोमवारी कळवतो, तपासण्या सगळ्या खऱ्या आहेत म्हणून. बागाही यादीत राहतील." हे त्यांनी नानांसमोर, रवीसमोर म्हटलं आणि त्यांना ते सोपं गेलं नसावं. सविता आता रडली. इतके दिवस आवरून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

पिशवी कुणी शिवली, हे विचारायची गरज ललिताताईंना पडली नव्हती. तेच रंगीत तुकडे त्यांनी भागीबाईच्या लुगड्यावर पाहिले होते. ते नाव त्यांना सगळ्यांसमोर घ्यायचं नव्हतं. पण मांडवाखालचं काम थांबलं होतं आणि भागीबाई हातातला घड तसाच सोडून बांधावर येऊन उभी होती.

"म्या शिवली ती," ती म्हणाली. "पोर रोज माझं बोलणं करून देते. एक पैसा घेत नाय. म्हटलं, हिचा फोन भिजू नये. तिची नोकरी माझ्या पिशवीनं जात होती काय?"

"गेली नाही, भागीबाई," सविता डोळे पुसत म्हणाली.

"पण जात होती ना."

भागीबाईने पिशवी मागून घेतली, कमरेची छोटी कात्री काढली आणि खाली बसून एकेक टाका उसवला. चंदेरी पाकीट निघालं ते तिने चुरगळून बाजूला टाकलं. राहिलेलं कापड झटकून सविताच्या हातात दिलं आणि मान खाली घालून ओळीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सविताने फोन पुढे केला तेव्हा भागीबाईने तो घेतला नाही. हात ओले आहेत म्हणाली. सविताने तरीही नंबर लावला. तिकडे टेकडीवर वारा घोंघावत होता आणि पुंजाराम ओरडून विचारत होता, "आज काय झालं? कोण बोलतंय?" सविता म्हणाली, "त्यांचे हात ओले आहेत, बाबा. थांबा, पुसतायत." आणि तिने फोन भागीबाईच्या कानाला धरून ठेवला, बोलणं संपेपर्यंत, स्वतःच्या हाताने.

पुढच्या आठवड्यात ललिताताईंनी सगळ्या तपासनिसांना बसवून सांगितलं. बागेत पोचल्यावर फोन आधी मोकळ्यावर काढायचा, त्याला जागा सापडू द्यायची, मग आत शिरायचं.

"पण मॅडम," रवी म्हणाला, "प्रत्येक बागेत तेवढा वेळ नुसतं बांधावर उभं राहून करायचं काय?"

"ते सविताला विचार," ललिताताई म्हणाल्या.

सविताची निळी रेघ आता उगावातून निघते ती कुठेही तुटत नाही. पण बारकाईने बघितलं तर प्रत्येक बागेच्या कडेला ती थोडी रेंगाळलेली दिसते. तेवढ्यात कुणी सुरगाण्याला लेकीशी बोलून घेतं, कुणी घोटीला भावाशी, कुणी हरसूलला आईशी. फोनला जागा सापडेपर्यंत फोन कुणातरी मजूर बाईच्या कानाला असतो. मग सविता हात कोरडे करते आणि मांडवाखाली शिरते.